मासळीच्या गाड्या बांधणाऱ्या मिस्त्रींनी आमचं चाकांवरचं घर दुरुस्त केलं, त्याचा वर्षभराचा अनुभव

लालबागची आमची चाळ २०२२ च्या दिवाळीनंतर पुनर्विकासासाठी रिकामी झाली. बिल्डरचं दरमहा भाडं सुरू झालं. त्या पैशात कल्याणच्या पुढे दोन खोल्या मिळत होत्या. मी परळच्या महापालिका रुग्णालयात तेहेतीस वर्षं स्टाफ नर्स होते, हे रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये डब्यांच्या कामावर. दोघंही निवृत्त, मुलगी लग्न होऊन नाशिकला. नवं घर हातात येईपर्यंत परक्या खोलीत दिवस मोजत बसायचं नाही असं ठरवून आम्ही जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तिच्यात घर करून घेतलं आणि तेव्हापासून तिच्यातच राहतोय. मुंबईत असलो की मुलुंडला बहिणीच्या सोसायटीच्या आवारात गाडी लावतो. एरवी रस्ता नेईल तिथे.

हा अभिप्राय त्या गाडीवर २०२४ च्या दिवाळीनंतर कुर्ल्यात झालेल्या कामाचा आहे. मिस्त्रींनी स्वतःचं नाव कुठे लिहू नका असं सांगितलंय. चार माणसांचं दुकान आहे आणि मासळीच्या गाड्यांचीच कामं त्यांना पुरून उरतात. म्हणून नाव घेत नाही. पण काय केलं, किती पैसे गेले, कुठे चुकलं आणि पुढच्या वर्षभरात ते काम उन्हापावसात कसं टिकलं, हे सगळं सांगते, कारण गाडीत राहायचा विचार करणारे बरेच जण मला हेच विचारतात.

आधी पहिल्या बांधणीबद्दल सांगायला हवं. शहराबाहेरच्या एका कंपनीनं ती केली होती. दिसायला गाडी देखणी. आतून पाइनच्या फळ्या, पिवळे दिवे, ओट्याला संगमरवरी छाप. परदेशी व्हिडिओंत दिसतात तशीच. अडचण हीच होती की ती तशीच होती. छताला झरोका नाही, खिडक्या लहान, बॅटरी खाली चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लटकवलेली, फ्रिज कपाटात घट्ट बसवलेला. थंड मुलखात ऊब आत कोंडून ठेवायला ही रचना ठीक असेल. मुंबईच्या मे महिन्यात तिच्यात माणूस शिजतो.

पहिल्या पावसाळ्यात तिचं खरं रूप कळलं. २०२३ मध्ये पाऊस मुंबईत २५ जूनला पोचला. तिसऱ्या की चौथ्या रात्री माझ्या कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. ह्यांनी सकाळी छताची एक फळी उघडली. आत ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस भरला होता, तो पाणी पिऊन खाली लोंबत होता. ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये भिजलेले बोळे कसे जड होतात, अगदी तसं. हातात घेऊन पिळलं तर तपकिरी पाणी कोपरापर्यंत आलं, आणि वास ओल्या गोणपाटाचा. छतावर सोलर पॅनेल बसवायला पत्र्यातून आठ बोल्ट आरपार काढले होते आणि भोवती सिलिकॉन फासलं होतं. उन्हात पत्रा फुगतो, रात्री आकसतो. दोन महिन्यांत सिलिकॉननं कडा सोडली होती. कंपनीला फोन केला, माणूस आला, त्यानं वरून आणखी सिलिकॉन लावलं. पंधरा दिवसांत पुन्हा गळती.

तरीही आम्ही म्हणत होतो की ठीक आहे, ऋतू बघून फिरू. आमचं वेळापत्रक ठरलेलं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकण किनारा. मार्च ते मे महाबळेश्वर, आंबोली, तोरणमाळ. जून ते सप्टेंबर पर्जन्यछायेचा पट्टा, म्हणजे माण, खटाव, सांगोला, धाराशिव. पाऊस सह्याद्रीवर पडेल, आपण पलीकडे कोरड्यात बसू. अमेरिकेत गाडीत राहणारे लोक असंच करतात, हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझाइटला गोळा होतात आणि उन्हाळ्यात उत्तरेला सरकतात. आता त्यांचंही गणित बिघडलंय. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, आणि उत्तरेला जावं तर वणव्यांचा धूर. पण त्यांच्याकडे पळायला निदान अख्खा खंड आहे. आमच्याकडे एक घाट आणि त्याच्या दोन बाजू.

वेळापत्रक कसं कोलमडलं ते तारखांनीच सांगते. २५ फेब्रुवारी २०२५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ३८.७ अंशांची नोंद झाली, नेहमीपेक्षा जवळजवळ सहा अंश जास्त, आणि तेही फेब्रुवारीत. किनाऱ्यासाठी हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंशांचा आहे, सपाट प्रदेशासाठी ४०. त्याच वर्षी मुंबईत पाऊस २६ मे ला आला. नेहमीची तारीख ११ जून. कुलाब्याला त्या मे महिन्यातल्या पावसानं १९१८ चा उच्चांक मोडला. आणि जिथे आपण कोरडे राहू म्हणून जायचो तिथे सप्टेंबर अखेरीला सीना नदीला महापूर आला. सोलापूर, धाराशिव, बीडमध्ये उभी पिकं गेली, माती वाहून गेली. ज्या शेताच्या बांधावर आम्ही आदल्या वर्षी गाडी लावली होती, त्या शेतकऱ्याशी मी फोनवर बोलले. त्यांचं सोयाबीन सगळं पाण्यात होतं. आमचा मुक्काम हुकला ही त्यापुढे काहीच गोष्ट नाही. पण एवढं मनात पक्कं झालं की ‘या महिन्यात तिथे असं असतं’ या भरवशावर आता गाडी बांधता येत नाही. गाडी कुठल्याही महिन्यात कुठेही अडकली तरी दोन माणसं आणि एक औषधांचा डबा आत सुरक्षित राहिला पाहिजे.

औषधांचा डबा म्हणजे ह्यांचं इन्सुलिन. त्याच्यामुळेच मी मिस्त्रींपर्यंत पोचले. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, गोठलं तरी वाया जातं. एप्रिल २०२४ मध्ये आम्ही महाडजवळ होतो. पहाटे तीनला मला फ्रिजचा आवाज येईना. उठून हात लावला तर मागची बाजू इस्त्रीसारखी तापलेली आणि आतला थर्मामीटर १९ वर. कपाट चारी बाजूंनी बंद, फ्रिजनं बाहेर टाकलेली उष्णता तिथेच कोंडत होती आणि शेवटी तो दमून बंद पडला. मी रुग्णालयात वॉर्डातल्या लसींच्या फ्रिजचं तापमान रोज दोनदा वहीत लिहिलेली बाई. त्या पहाटे इन्सुलिनच्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवल्या. विदर्भात हा उपाय चालतो, तिथली हवा कोरडी, फडक्यातलं पाणी उडतं आणि मडकं गार होतं. कोकणात पाणी उडतच नाही. नागपूरचा वाळ्याचा कूलर मुंबईत का चालत नाही, त्याचं कारण हेच, आणि दमट हवेत माणसाचा घाम वाळत नाही म्हणून शरीर गार होत नाही, त्याचंही हेच. सकाळी आठला महाडला औषधाच्या दुकानाचं शटर उघडलं तेव्हा पहिली गिऱ्हाईक मी होते.

त्यानंतर ससून डॉकला मासळी घ्यायला गेले होते. एप्रिलचं ऊन. तिथे उभ्या असलेल्या एका इन्सुलेटेड गाडीचं दार उघडं होतं, आत बर्फात सुरमई आणि आतून थंड वाफ पायावर येत होती. इंजिनावरची कूलिंगची यंत्रणाच नव्हती तिला, नुसती जाड भिंत आणि बर्फ. ड्रायव्हरला विचारलं, दादा, ही गाडी कुणी बांधली? तो म्हणाला, कुर्ला, सीएसटी रोडच्या आत.

सीएसटी रोड मुंबईत गाड्यांचं काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. जुने सुटे भाग, काचा, सीटा, पत्रा, सगळं तिथे. त्याच्या आत एका गल्लीत मिस्त्रींची शेड आहे. मिस्त्री मूळचे रत्नागिरीचे, वय साठीच्या पुढे. शेडमध्ये शिरलं की डाव्या भिंतीवर माझ्या खांद्याच्याही वर लाल रंगाची एक आडवी रेघ आहे. २६ जुलै २००५ ला पाणी तिथपर्यंत आलं होतं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी सगळ्या कुर्ल्यात शिरली. मिस्त्रींची तीन यंत्रं गेली. तेव्हापासून शेडमधली प्रत्येक वस्तू त्या रेघेकडे बघून ठेवलेली असते. वेल्डिंगचं मशीन साखळीनं वर टांगलेलं.

त्यांनी आधी गाडीच्या आत येऊन काही पाहिलंच नाही. दुपारी दीडला गाडी उन्हात लावायला सांगितली आणि अर्ध्या तासानं आत शिरले. छताच्या फळ्यांवर तळहात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूनं, समोरून मागे सावकाश सरकत गेले. मी आईच्या कपाळावर ताप बघायचे तसा तो हात होता. मध्येच थांबायचे, खडूनं रेघ मारायचे. अशा अकरा रेघा झाल्या. मग म्हणाले, “ताई, ह्या बघा बरगड्या. मधल्या भागात कापूस आहे, पण लोखंडाच्या बरगड्या सरळ फळीला टेकल्यात. ऊन ह्यांच्यातूनच आत उतरतं.” मी हात लावून पाहिला. खडूच्या रेघेवर चटका बसत होता, दोन बोटं बाजूला फक्त कोमट. दीड वर्ष मी त्या फळीखाली झोपले होते आणि कधी हात लावला नव्हता.

ह्यांनी विचारलं, मोठा एसी बसवला तर? मिस्त्री म्हणाले, “दादा, आधी ऊन आत येऊ देऊ नका, मग आलेलं बाहेर काढा, आणि मग उरलं तर थंड करा. बर्फ महाग असतो.” आम्ही दोघांनी त्या रात्री वहीत हिशेब मांडला. बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास, म्हणजे अडीच युनिटच्या आसपास. लहान इन्व्हर्टर एसी ६०० वॉट घेईल असं धरलं तर चार तासांत सगळं संपलं, आणि फ्रिज उपाशी. सोलर पॅनेल ४०० वॉटचं, पण तेही तापलं की कमी देतं, दर अंशाला साधारण ०.३५ टक्के. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की चौदा टक्के तिथेच गेले. ऐन उन्हात जेव्हा सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच ते कमी मिळतं. आणि जुलैत ढग आले की विचारूच नका. एसीचा विचार तिथेच सोडला.

काम काय झालं ते आता सांगते. आतलं सगळं पाइन आणि ग्लासवूल काढून टाकलं. बरगड्यांवर आधी रबरी फोमची पट्टी, मग मासळीच्या गाडीत भरतात तसं पफ, म्हणजे उष्णता अडवणारा कडक फोम, आणि त्यावर पांढरा फायबर. कुठेही लोखंड आतल्या अंगाला दिसत नाही की टेकत नाही. कोपरे सगळे गोल, म्हणजे पुसायला सोपे आणि ओल धरत नाहीत. छताची आठही भोकं पत्र्याचे तुकडे वेल्ड करून बंद केली. मग मूळ छताच्या वर दीड इंच मोकळी जागा सोडून दुसरं पांढरं छत, आणि त्याच्यावर पॅनेल. हे दुसरं छत बाजूच्या पन्हळीला पकडलेलं आहे, वरून एकही बोल्ट आत येत नाही. मधल्या पोकळीतून वारा खेळतो आणि ऊन मूळ पत्र्याला शिवतच नाही. छताला एकच चौकोनी भोक ठेवलं, पंख्याचं, आणि त्याच्याभोवती दोन इंचांचा उंच काठ करून घेतला, विहिरीच्या कठड्यासारखा, म्हणजे साचलेलं पाणी सीलंटपर्यंत पोचणारच नाही. “छताला भोक पाडणारा त्याच्याखाली झोपत नाही ना,” असं ते पहिल्या कंपनीबद्दल एकदाच म्हणाले, पुन्हा विषय काढला नाही.

बॅटरी चासीवरून काढून आत, मागच्या चाकाच्या कमानीवर आणली. ती कुठे ठेवायची यावर बोलणं चाललं होतं तेव्हा मिस्त्रींनी काहीच उत्तर दिलं नाही, नुसतं भिंतीवरच्या लाल रेघेकडे बोट केलं. आत आणल्याचा दुसरा फायदा उन्हाळ्यात कळला. आमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज घेत नाही, आणि खाली डांबराच्या रस्त्यावर ती मे महिन्यात रोज दुपारी तसं करायची.

आणि फ्रिज. कपाटाला खाली एक आणि वर एक अशी जाळी काढली, खालून गार हवा शिरते, वरून तापलेली बाहेरच्या अंगाला निघते. मागे तीन बोटं जागा सोडली. इन्सुलिनचा डबा थंड पत्र्याला चिकटू नये म्हणून आत फायबरची एक छोटी चौकट बसवून दिली, न मागता. म्हणाले, “मासळी आणि औषध, दोघांनाही माफी नसते, ताई.” हे एक काम वेगळं सांगायचं कारण असं की यासाठी त्यांनी पैसे लावले नाहीत, आणि माझ्या दृष्टीनं पूर्ण गाडीत सगळ्यात मोलाचं तेच आहे.

खर्च ३ लाख ८५ हजार. पहिल्या बांधणीला ९ लाख गेले होते, त्यातले निम्मे भंगारात काढले हे सांगताना आजही वाईट वाटतं.

आता वर्षभराचं सांगते. फेब्रुवारी २०२५ च्या त्या लाटेत आम्ही मुलुंडला होतो. दुपारी तीनला बाहेर माझ्या थर्मामीटरवर ३७.५, आत पंखा चालू ठेवून ३७. आधीच्या वर्षी एवढ्याच उन्हात आत ४३ बघितलेत मी. सहा अंश वहीत किरकोळ दिसतात. पण ४३ मध्ये ह्यांचा रक्तदाब खाली येऊन चक्कर आली होती आणि ३७ मध्ये हे पेपर वाचत बसले होते. रात्रीचा फरक त्याहून मोठा आहे. नर्स म्हणून सांगते, उष्णतेनं माणूस दिवसा थकतो, आणि रात्रीही शरीर गार झालं नाही तर आजारी पडायचा धोका फार वाढतो. छतावरचा पंखा उलटा, म्हणजे हवा बाहेर फेकणारा ठेवायचा, सावलीच्या बाजूची एकच खिडकी चार बोटं उघडायची, उशी त्या खिडकीकडे. सगळ्या खिडक्या उघडल्या तर वारा कुठूनच नीट येत नाही. पंखा रात्रभरात बॅटरीचा दहावा हिस्साही खात नाही.

मे मधला पाऊस आला तेव्हा आम्ही निघायच्या तयारीत होतो, १ जूनला माणकडे जायचं होतं. २६ ची सकाळ मुलुंडच्या आवारात गेली. चाकं अर्धी बुडाली होती. बॅटरी जुन्या जागी असती तर त्या दिवशी संपली असती. छतातून एक थेंब नाही. १८ आणि १९ ऑगस्टला मुंबईत शाळा बंद ठेवाव्या लागल्या, मिठी वाढली आणि कुर्ल्यात क्रांती नगरच्या लोकांना हलवलं, तेव्हाही आत कोरडं होतं. मी १९ ला संध्याकाळी मिस्त्रींना फोन केला. पाणी शेडच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं होतं. त्यांनी उलट मलाच विचारलं, पंख्याचा काठ गळतोय का?

गळत नाही, पण तक्रारी आहेत आणि त्या सांगणं माझं काम आहे. पंचवीस दिवस सांगितले होते, सत्तेचाळीस लागले. एवढे दिवस आम्ही बहिणीच्या दिवाणखान्यात होतो आणि मिस्त्री रोज ‘उद्या’ म्हणत होते. मासळीची गाडी आली की आमचं काम बाजूला. गाडी १८० किलोनं जड झाली, आधी लिटरला दहा जायची, आता साडेआठ. उंची वाढली, त्यामुळे मुंबईतल्या उंचीचे आडवे बार लावलेल्या रस्त्यांवर आता ह्यांना आधी उतरून बघावं लागतं. ताशी सत्तरच्या पुढे दुसरं छत घुमतं, शंख फुंकल्यासारखं. पुढच्या कडेला रबर लावून थोडं कमी झालंय, गेलं नाही. दाराच्या कडेचं रबरी गॅस्केट इतकं घट्ट आहे की माझ्या मनगटाला दार ओढणं जड जातं. चिकटपदार्थाचा वास तीन आठवडे होता, ज्यांना दमा आहे त्यांनी तेवढे दिवस आत झोपू नये. कागदोपत्री मिस्त्री काही करत नाहीत. गाडीत असा बदल केला की आरटीओत नोंद करावी लागते, ते आपल्यालाच बघावं लागतं आणि काम सुरू व्हायच्या आधी बघावं, नंतर नाही. आम्हाला तीन खेपा झाल्या.

गाडीबाहेर सावलीसाठी ओढायच्या छपराचं त्यांनी जे केलं ते मात्र मला फार आवडलं. पहिल्या कंपनीनं गुंडाळी होणारं महागडं छप्पर दिलं होतं. १३ मे २०२४ च्या वादळात ते आधाराच्या दांड्यांसहित उचकटून निघालं. त्याच संध्याकाळी घाटकोपरला छेडा नगरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. आम्ही तिथून चार-पाच किलोमीटरवर होतो आणि अर्ध्या तासापूर्वी त्याच रस्त्यानं आलो होतो. तेव्हापासून होर्डिंगखाली, बांधकामाच्या क्रेनखाली आम्ही गाडी लावत नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. मिस्त्रींनी छपराऐवजी बोटीवरची ताडपत्री दिली, पितळेच्या कड्यांची, चार दोऱ्यांवर. कोळी लोक बांधतात तशी सरकगाठ मला शिकवली. वारा उठला की एक टोक ओढलं, सगळी सुटते. बारा सेकंद लागतात. मी मोजलेत.

जागा निवडायला मात्र कुठल्याही मिस्त्रीचं काम पुरत नाही, ते आपलं आपणच शिकावं लागतं. पावसाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी आम्ही मुक्काम करत नाही, जागा कितीही सुंदर असली तरी. तळिये जुलै २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेली, दोन्ही माणसांनी वर्षानुवर्षं वसवलेली गावं होती, आपण तर एका रात्रीचे पाहुणे. नदीकाठही नाही. चिपळूणला २०२१ च्या पुरात आगारातल्या एसटी बुडाल्या होत्या, आमची गाडी किती. मुंबईत महापालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या तारखा देते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की समुद्र पाणी घेत नाही. त्या दिवशी हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट या बाजूला गाडी काढायची नाही. मी त्या तारखा दाराच्या आतल्या बाजूला लाल पेनानं लिहून लावते, जसं वॉर्डात ऑपरेशनच्या दिवसांचं लावायचो.

पाण्याबद्दलही एक सांगायचंय. १२० लिटरची टाकी आहे, आणि आम्ही दोघं दिवसाला अठरा लिटरवर आलोय. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकर चालू आहे तिथे आम्ही टाकी भरून मागत नाही. मोठ्या गावात भरून घेऊनच पुढे जातो. माणमध्ये एका बाईनं स्वतःच्या हंड्यातून मला तांब्याभर पाणी दिलं होतं आणि मला ते पिताना घसा दुखला.

ज्यांना काम द्यायचं असेल त्यांनी सीएसटी रोडला जाऊन मासळीच्या गाड्या कोण बांधतं एवढं विचारावं, तीन-चार शेड आहेत आणि बहुतेकांना हे काम येतं. आधी बांधलेली गाडी बघायला मागा, शक्य असेल तर ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला पहाटे जाऊन दार उघडं असताना बघा. कोपऱ्यांत हात घाला, ओल लागते का बघा. पैसे तीन टप्प्यांत द्या, शेवटचा टप्पा पाण्याच्या पाइपनं छतावर अर्धा तास मारा करून झाल्यावर. हे आमच्याकडून मिस्त्रींनी स्वतःच करून घेतलं. आणि पावसाळ्यात जाऊ नका, ओल्या पत्र्यावर सीलंट धरत नाही. दसऱ्यानंतर जा. फेब्रुवारीच्या आत गाडी बाहेर यायला हवी, कारण ऊन आता मार्चची वाट बघत नाही.

आमचं मागच्या दाराचं गॅस्केट बदलायचं राहिलंय. मिस्त्रींनी पुढच्या सोमवारी बोलावलंय, म्हणजे आम्ही बुधवार धरून चाललोय.